शिकत्या मशीनला तीट

तान्ही बाळं प्रश्न विचारत नाहीत, म्हणून हे काम मला जमलं. मोठ्या माणसांसमोर माझे शब्द घशातच राहतात. शाळेतही तेच. चौथीपर्यंत शिकले, पण बाईंनी उभं केलं की उत्तर येत असूनही मी जमिनीकडे बघायची. लग्न होऊन खाडीकाठच्या कर्ल्याला आले तेव्हा सासूबाई घरोघर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायच्या. तेलाची वाटी धरून मी त्यांच्यामागे जायची. पुढे त्यांचे गुडघे थकले, आणि वाटी खाली ठेवून बाळच माझ्या पायांवर घ्यायची वेळ आली. तेव्हापासून तेच करत आले. आता मनगटं दुखतात म्हणून घरं कमी केली आहेत. दुपारी वेळ मिळतो, तर हे माझं मलाच लिहून ठेवते.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे आणि बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं. घरच्या खोबरेलाने पाठ, खांदे, टाचा हलक्या हाताने चोळायच्या. पाणी बघायचं ते कोपराने. तळहात कामाने निबर झालेला असतो, तो पाणी कोमट आहे म्हणून खोटंच सांगतो. कोपर खरं बोलतं. मग डाळीचं पीठ आणि साय लावून तांब्याने पाणी घालायचं, मऊ पंच्यात गुंडाळायचं, आणि शेवटी कपाळाला, गालाला काजळाची तीट लावायची. पूर्वी ओव्याची धुरी द्यायचो आणि डोळ्यांतही काजळ घालायचो. डॉक्टर नको म्हणायला लागले तेव्हापासून मी दोन्ही सोडलं. जुन्या आज्या त्यावरून माझ्यावर रुसतात. तीट मात्र कोणी सोडू देत नाही.

या सगळ्यात मी एकच वाक्य बोलते. शेवटचा तांब्या ओतला की "झालं, झालं हां." पंच्यात गुंडाळतानाही तेच, झबलं घालतानाही तेच. सासूबाई म्हणायच्या, "सून आणली की घड्याळ आणलं, टोले एकाच तऱ्हेचे."

इतकी वर्षं बाळं पायांवर घेतली, म्हणून एक गोष्ट नजरेत भरली. पहिल्या दिवसांत पाणी अंगावर पडलं की बाळ दचकतं. थोड्या दिवसांनी ते पाणी पडायच्या आधीच डोळे मिटून घेतं. तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला की पापण्या गच्च. एकदा गंमत म्हणून मी तांब्या भरला आणि ओतलाच नाही. बाळाने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मोठ्या माणसाने ठरल्या वेळी चहा न मिळाल्यावर घालाव्यात तशा. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

राजिवड्याच्या फरीदाभाभींच्या घरची गोष्ट मात्र मी बऱ्याच ठिकाणी ऐकवली आहे, म्हणजे मी जेवढी ऐकवते तेवढी. त्यांचा नवरा आखातात नोकरीला. मुलगा झाला तेव्हा त्यांना सुट्टी मिळाली नाही. मग फरीदाभाभी रोज न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर फोन उभा करून ठेवायच्या, आणि ते तिकडून आंघोळ बघायचे. मला इतकी लाज वाटायची की पदर पुढे ओढून मी फोनकडे पाठच करायची.

"पाणी गरम नाय ना?" रोज तिकडून पहिला प्रश्न हाच.

"तुमच्याकडच्या उन्हापेक्षा थंड आहे," फरीदाभाभी उत्तर द्यायच्या. "त्यांना काम करू द्या. त्या तुमच्या फोनला घाबरतात, पोराला नाय."

पोरगं दहा-अकरा महिन्यांचं झालं तेव्हा नवरा घरी आला. तेल घेऊन मी त्यांच्याकडे त्या दिवशी मुद्दाम गेले होते. एवढा लांबरुंद माणूस दारात उभा राहिला आणि पोराने जो सूर लावला तो थांबेना. त्याचा बाप तळहाताएवढा होता, आणि काचेत राहायचा. हा कोण राक्षस आला. त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. काय करावं ते न कळून तो पाटाकडे बघत पुटपुटला, "पाणी गरम नाय ना?"

पोराचा सूर मध्येच तुटला. ते स्टुलाकडे वळलं. स्टूल रिकामं. मग हळूच त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा स्टुलाकडे. त्या इवल्या डोक्यात काहीतरी जुळताना मला दिसत होतं. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला आणि बापाची दाढी पकडली. फरीदाभाभी म्हणाल्या, "ओढ, चांगली ओढ. एवढे महिने हाताला लागत नव्हती."

नाचणे रोडच्या मृणालला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने ती दोनदा सांगायला लावली. मृणाल म्हणजे ज्यांना आम्ही सगळे नुसतं काकू म्हणतो त्यांची मुलगी. काकूंचा घरी आमसुलं आणि कोकमाचं आगळ करून विकायचा व्यवसाय, त्यामुळे हात बाराही महिने लालसर. मृणाल बंगळूरला एका संस्थेत मशीनला शिकवायचं काम करते. बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, तिचं नाव सई. मी पहिल्या दिवसापासून त्या घरी जात होते.

मृणालला माझा अबोलपणा चालत नसे. अंगाला तेल लावून घेतानाही तिचं बोलणं चालू. एकदा तिने मला तिचं काम समजावलं.

"सुनंदामावशी, फोनमध्ये बोलणारी मशीनं असतात ना, ती जगात लिहिलेलं सगळं वाचून बोलायला शिकतात. कोणी जन्मभर वाचलं तरी संपणार नाही एवढं. आणि आपली सई किती वाचते?"

"चाटते," काकू आतून म्हणाल्या. "काल पंचांग चाटलंन."

"तेच. चाटून, बघून, ऐकून ती वर्षा-दोन वर्षांत बोलायला लागेल. एवढ्याशा अनुभवावर एवढं कसं शिकते? तिच्या मेंदूत असं काय चालतं की जे मशीनला येत नाही? मेंदूचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि आम्ही एकत्र बसून तेच शोधतोय. ते कळलं तर माणसासारखं शिकणारं मशीन करता येईल."

मग मी तिला ते पाणी पडायच्या आधी डोळे मिटण्याचं सांगितलं. ती उठूनच बसली, तेल चादरीला लागलं. मेंदूबद्दल त्यांचं म्हणणं असंच आहे म्हणे. मेंदू येईल ते नुसतं बघत बसत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज आधीच बांधतो, आणि अंदाज चुकला की दुरुस्त करतो. शिकणं म्हणजे ती दुरुस्ती. माझ्या त्या आठ्या घालणाऱ्या बाळाने त्या दिवशी एक धडा घेतला होता, तो असा की बायका तांब्या भरतात पण ओततीलच याचा भरवसा नाही.

"आणि झोपेत मेंदू दिवसभराचं पुन्हा घोकतो," मृणाल म्हणाली. "म्हणून आम्ही मशीनलाही मधून मधून नवं काही न देता जुनंच घोकायला लावतो. झोपवल्यासारखं."

काकू दारात आल्या. "झोपवता? मग त्याला थोपटतं कोण?"

"त्याला अंग नाही गं आई."

"अंग नाही, मग त्याला शिकून करायचंय काय," काकू म्हणाल्या आणि आगळाच्या बरण्यांकडे गेल्या. मृणाल हसली, पण नंतर मला म्हणाली, "मावशी, हा प्रश्न आमच्याकडेही मोठमोठे लोक विचारतात."

मृणालच्या मनात एक घोर होता. सुट्टी लांबली तर तिचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. म्हणून तिने सुट्टीतच एक काम अंगावर घेतलं. सईने मान धरली की तिच्या टोपड्याला शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा लावायचा. रोज आंघोळीनंतर थोडा वेळ सई जे बघेल आणि जे ऐकेल ते साठवायचं. तेवढ्याच शिदोरीवर मशीनला शिकवायचं, आणि कुठल्या दृश्याला कुठला शब्द लागतो ते त्याला जुळवता येतं का ते पाहायचं. त्या वयाची ही शिदोरी चांगली जमली तर तिची जागा तिचीच राहणार. नाही जमली तर बाळाचं ते वय काही परत मागता येत नाही.

काकूंनी ऐकूनच नकार दिला. "बाळाच्या डोक्यावर डोळा बसवायचा? चार माणसांची नजर लागते ती काय कमी आहे?"

"आई, तो बाळाकडे बघत नाही. बाळ बघतं तिकडे बघतो."

"डोळा तो डोळा. सुनंदे, तू सांग."

मी तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट करत बसले. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. कॅमेरा लावा, पण तीट लावल्याशिवाय लावायचा नाही. मृणाल म्हणाली, "लाव गं, हवी तेवढी लाव." न्हाणीघरात कॅमेरा यायचा नाही, ही अट तिने स्वतःच घातली. माझी सुटका झाली. टोपड्याला कॅमेऱ्याचा कप्पा शिवून दिला तो मी.

मग रोजचा क्रम ठरला. मी सईला न्हाऊ घालून "झालं, झालं हां" म्हणत बाहेर आणायची. काकू काजळाची डबी घेऊन बसलेल्या असायच्या. सईच्या कपाळाला एक, गालाला एक. आणि मग टोपड्यावरच्या त्या काचेला एक, करंगळीने, नीट दाबून. मला वाटलं, मायलेकींचं तसंच ठरलंय. मृणाल त्या वेळी आत लॅपटॉप उघडत असायची. कॅमेरा चालू झाला की मी सईचा पंचा सोडून झबलं घालायची, पुन्हा तेच वाक्य म्हणत. संध्याकाळी ती फोनवर चित्रं बघायची तेव्हा कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात काळसर सावली दिसायची. तिला वाटायचं, टोपड्याची झालर मध्ये येते. तिने मला झालर उसवायलाही सांगितली. मी उसवली. सावली तशीच. मग तिला वाटलं, एवढ्याशा कॅमेऱ्यात एवढं चालायचंच.

असे बरेच आठवडे गेले. सई पालथी पडायला लागली, मांजराच्या मागे नजर फिरवायला लागली. मृणालने सगळी शिदोरी बंगळूरला पाठवली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर घरात भांड्यांचाही आवाज नव्हता. मृणालच्या हातात टोपडं होतं. बंगळूरच्या साहेबांचं उत्तर आलं होतं की प्रत्येक चित्रात काळा डाग आहे, कॅमेरा खराब दिसतो, हे काही कामाचं नाही. मृणालने कॅमेरा उजेडात धरला आणि तिच्या अंगठ्याला काजळ लागलं.

"आई, हे काय आहे?"

"तीट."

"काचेवर?"

"मग कुठे लावत्ये? नजर लागते ती डोळ्याला. पाठीला कोण लावतं?"

"निदान विचारायचंस तरी."

"तूच म्हणालीस हवी तेवढी लाव. मी थोडीच लावली."

दुसरी वेळ असती तर हसू आलं असतं. पण मृणाल सईला उराशी धरून खिडकीशी उभी राहिली. काकू स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. ताट वाढलं ते तसंच राहिलं. मी जाताना त्या हळूच म्हणाल्या, "मी तिचं वाईट व्हावं म्हणून लावली काय गो?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

पुढच्या दिवशी सईची आंघोळ झाली. पण डबी घेऊन कोणी बसलं नव्हतं. सई टोपड्याशिवाय, तिटेशिवाय, नुसतीच पंच्यात. तिने इकडे तिकडे बघितलं, आणि आजी कुठे दिसेना तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या. रोजचा अंदाज चुकला होता. मृणालने ते बघितलं आणि तिचे डोळे भरले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. बोलायचं ठरवायला मला पंच्याची सगळी टोकं दुमडावी लागली.

"डाग आहे असं कोण म्हणालं? मशीन म्हणालं का?"

"नाही. साहेब म्हणाले. मशीनला अजून दाखवलंच नाही."

"मग त्याला दाखवून तर बघा. त्याची काय तक्रार आहे ती तरी कळेल."

मृणाल माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कामात मी पहिल्यांदाच तोंड घातलं होतं. मग तिने कॅलेंडरचं उलटलेलं पान आणलं आणि काजळाची डबी मागितली. पानाच्या मागे डाव्या बाजूला काजळाने फुली काढली, आणि उजव्या बाजूला वीतभर अंतरावर ठिपका. "आई, इकडे ये."

काकू आल्या, पण दारातच थांबल्या.

"डावा डोळा झाक. उजव्याने फुलीकडेच बघायचं, ठिपक्याकडे नाही. आता मी पान हळूहळू जवळ आणते."

काकू नाईलाजाने उभ्या राहिल्या. पान जवळ येत गेलं. "हे कसले खेळ," असं काहीतरी त्या म्हणत होत्या, आणि मध्येच थांबल्या.

"ठिपका गेला."

"काय दिसतं तिथे?"

"पांढरा कागद." त्यांनी हात सोडला, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. "आहे की. पुन्हा कर बघू."

मीही करून बघितलं. खरंच, ठिपका जातो. तो जातो तिथे भोक पडत नाही, पांढरा कागदच दिसतो. मृणालने सांगितलं की डोळ्याच्या आतल्या शिरा जिथून मेंदूकडे निघतात तेवढ्या जागी कोणालाच काही दिसत नाही. प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून तो डाग असतो. पण मेंदू आजूबाजूचं बघून तेवढी जागा अंदाजाने भरून टाकतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

"म्हणजे देवाने आत तीट लावूनच पाठवलंय," काकू म्हणाल्या.

"तसंच समज. आणि आमच्याकडे काही लोक चित्राचा तुकडा मुद्दाम झाकतात. मशीनला सांगतात, मागे काय असेल ते ओळख. त्याने ते जास्त पक्कं शिकतं. मला हे माहीत होतं, आई. काल रागात आठवलंच नाही. तू ठिपका रोज एकाच जागी लावायचीस?"

"करंगळी पडेल तिथे. कधी इकडे, कधी तिकडे. पोर काय स्थिर बसतं?"

मृणाल तशीच आत गेली. बंगळूरला कळवलं की एकदा हीच चित्रं मशीनला शिकवून बघते, मग काय ते ठरवा. त्यांनी होकार दिला, पण सांगितलं की परीक्षा त्यांच्यासमोर होईल. त्यानंतरचे दिवस घरात सगळे दबक्या पावलांनी वावरायचो, जणू आत कोणी आजारी आहे. काकू जाता येता विचारायच्या, "झोपलंय की जागं आहे?" आणि मृणाल उत्तर द्यायची, "घोकतंय."

परीक्षेच्या सकाळी मी सईला घेऊन बाहेरच्या खोलीत होते. मृणालने मला आत बोलावलं. लॅपटॉपवर बंगळूरची माणसं दिसत होती, म्हणून मी भिंतीला टेकून, दिसणार नाही अशी उभी राहिले. परीक्षा सोपी होती. मशीनने कधी न बघितलेलं एक चित्र दाखवायचं, चार-पाच शब्द पुढे ठेवायचे, आणि त्यातला कुठला शब्द लागतो ते विचारायचं. मांजराला त्याने मांजर लावलं. काकूंच्या लाल बोटांना त्याने "आगळ" लावलं, तेव्हा काकूंनी हात पदराखाली घेतले. पंख्याला दिवा म्हणालं. ते चुकलं.

मग साहेबांनी सगळ्यात वाईट डागाच्या दिवसातलं एक चित्र निवडलं. ते बाजूला ठेवलेलं होतं, मशीनने पाहिलेलं नव्हतं. खाली पंच्याची कड. तिच्यावर माझा हिरव्या बांगड्यांचा एक हात. दुसरा हात जवळजवळ सगळा तिटेखाली गेलेला. चेहरा नाही, कारण टोपडं माझ्याकडे वळलं की मी आपोआप मान वळवायची. पुढे शब्द ठेवले होते: पाणी, आई, मांजर, तेल, झालं.

मशीनने "झालं" धरलं.

मृणालने एक बटण दाबलं. मग तिटेखाली काय असेल असं मशीनला वाटतं, ते चित्रात उमटलं. धूसर होतं, बोटं नीट नव्हती. पण तिथे दुसरा हात होता, आणि त्या हातातही हिरव्या बांगड्या होत्या.

तिकडचे साहेब पडद्याजवळ वाकले. मग इंग्रजीत बरंच बोलले. मला कळलं नाही, पण मृणालचे खांदे खाली आले ते मला दिसलं. बाळंतिणीच्या पाठीवर इतकी वर्षं हात फिरवला आहे, तेवढं कळतं. तिची शिदोरी ठेवून घेतली होती. तिचं काम तिच्याकडेच राहिलं होतं. दुसऱ्या बाळांच्या चित्रांतही अधून मधून असा ठिपका टाकून बघायचं ठरलं.

"टाकू देत," काकू म्हणाल्या. "नजर काय एकट्या सईलाच लागते?"

मला एक हुरहूर मात्र राहिली. त्या मशीनला माझे हात ओळखता आले, पण माझ्या हातांना ते कधी लागलं नाही. इतक्या बाळांना मी शेकलं, चोळलं, रडवलं, हसवलं. हे एक असं निघालं की मी त्याला न शिवता ते माझ्याकडून शिकलं. आणि शिकलं काय, तर एकच शब्द. माझ्यापाशी दुसरा होताच कुठे. चार शब्द जास्त बोलले असते तर त्यालाही चार जास्त आले असते, असं वाटलं. हल्ली मी बाळांशी थोडं बोलते. तेल लावताना तेल म्हणते, तांब्याला तांब्या.

मृणाल बंगळूरला निघाली त्या दिवशी मी सईला शेवटचं न्हाऊ घातलं. काकूंनी पुन्हा डबी उघडली. सईच्या कपाळाला एक, गालाला एक. मग त्या मिटलेल्या लॅपटॉपपाशी गेल्या.

मृणाल बॅग भरत होती. वर न बघताच म्हणाली, "आई, मागच्या बाजूला."

"मागेच लावत्ये गो," काकू म्हणाल्या, आणि करंगळी दाबून ठेवत माझ्याकडे बघितलं. "शिकतं पोर आहे. तुझ्या हातचं आहे. काय म्हणतेस?"

"झालं," मी म्हटलं. "झालं हां."